‘संतोषाने देणारा’ की ‘आनंदाने देणारा’?

प्रश्न पुण्यातल्याच एका वाचकाचा आहे. त्यांच्या चर्चमध्ये अर्पणाच्या पाकिटावर ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ असं छापलेलं असतं. ते विचारतात, संतोष म्हणजे आहे त्यात समाधान मानणं. त्याचा देण्याशी काय संबंध? सरळ ‘आनंदाने’ म्हणायला नको का?

माझं मत, ‘संतोषाने’च राहू द्या.

हे वचन बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातलं, अध्याय 9, वचन 7. यरुशलेममधल्या गरजू बांधवांसाठी पौल मदत गोळा करत होता. ज्याने त्याने मनात ठरवलं असेल तेवढं द्यावं, जिवावर येऊन किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये, असं सांगून तो या वाक्याशी येतो. मूळ ग्रीक शब्द ‘हिलारोस’, म्हणजे प्रसन्न, हसतमुख. आनंदासाठीचा नेहमीचा ग्रीक शब्द ‘खारा’. तो पौलाने आदल्याच अध्यायात वापरला आहे, तोही हलाखीत असून ऐपतीबाहेर दिलेल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायांबद्दल. इथे मात्र ‘हिलारोस’ आला, कारण बायबलच्या जुन्या करारातल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात (22:8) याच धाटणीचं वाक्य आहे आणि पौलाचा रोख तिकडे आहे.

आता मराठीकडे. ‘संतोष’मधला धातू ‘तुष्’. ‘आहे त्यात समाधान’ हा अर्थ खराच, पण तेवढाच नाही. याच धातूचा ‘परितोष’, आणि त्यावरून ‘पारितोषिक’: मन प्रसन्न झालं म्हणून दिलेली वस्तू! आणि पसायदान तर आपल्याला तोंडपाठ असतं. ‘येणें वाग्यज्ञें तोषावें । तोषोनि मज द्यावें’. आधी तोष, मग देणं. ही जोडी मराठीत 1290 पासून तरी आहे. तिथे देव तोषून देतो, पत्रात माणूस तोषून देतो आणि देवाला प्रिय होतो. मला हे साम्य फार मोलाचं वाटतं.

‘आनंदाने’ चूक नाही. पण ‘हो, आनंदाने!’ हे आपण शिष्टाचार म्हणूनही म्हणतो. शिवाय आनंद अवचित होतो. संतोषात ठरवून झाल्यानंतरचं निवलेलं मन आहे, आणि वचनाचा पूर्वार्ध नेमका त्या ठरवण्याबद्दलच आहे.

हार्वेस्टच्या, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या लिलावात हा संतोष डोळ्यांना दिसतो. उपासनेनंतर आवारात अर्पणातली भाजी, अंडी, एखादी कोंबडी लिलावाला निघते. कोथिंबिरीची जुडी कुणी 500 रुपयांना घेतो आणि तिथल्या तिथे परत लिलावाला ठेवतो. सगळे हसतात, पुन्हा बोली सुरू! पैसे गेल्याची खंत कुणाच्याच तोंडावर नसते.

याच वाचकांनी जाता जाता ‘याला वर्गणी का म्हणत नाहीत?’ असंही विचारलं आहे. वर्गणी मागितली जाते, तिची पावती फाडली जाते, बऱ्याचदा तिचा आकडाही ठरलेला असतो. अर्पण देवापुढे ठेवायचं, आकडा ज्याचा त्याने ठरवायचा.

पाकिटावरचं वाक्य तसंच छापा. संडे स्कूलच्या मुलांना ‘संतोष’ जड जात असेल, तर तोंडी ‘हसतमुखाने’ असं सांगा. ‘हिलारोस’ला तो शब्द चांगलाच जवळचा आहे.