पहिल्या महिन्यात एवढंच करा

ताई, वडील गेल्यापासून देवासमोर बसलं की नुसतं रडू येतं, असं म्हणालात. येऊ द्या. तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला. विठ्ठलाशी ते कडाकडा भांडलेच की! भांडण म्हणजे अविश्वास, हा भक्तीच्या वाटेवरच्या नवख्यांचा पहिला गैरसमज.

दुसरी चूक, सगळं एकदम धरणं. सोमवारी उपास, मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग, गुरुवारी साईबाबा, शनिवारी मारुती... मीही केलं, पंधरा दिवसांत थकले. (पित्त झालं ते वेगळंच.)

सुरुवातीला बास एवढंच:

- रोज १० मिनिटं नाम. जागा कुठलीही. माझं कुर्ला ते दादर लोकलमध्ये, उभ्यानंच चालायचं.
- भीती रात्री जास्त दाटते. तेव्हा मनात नको, तोंडानं म्हणा, स्वतःला ऐकू येईल असं.
- संध्याकाळी घरात एकट्या बसू नका. वडाळ्याच्या विठ्ठल मंदिरात मागे जाऊन टेका. कुणाशी बोललंच पाहिजे असं नाही.

झोप, जेवण पार उडालं तर डॉक्टरकडे जा. त्यानं श्रद्धा उणी होत नाही. आणि 'देवानं असं का केलं' हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. माझाही अजून सुटलेला नाही.