आमच्या भागात गांजा उघड विकतात आणि पोलीस म्हणतात 'माणसं कमी आहेत'. हे खरं की पळवाट?

माणसं कमी आहेत हे खरं. पण ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं त्यांना विचारा, आहेत ती कुठे लावलीत?

मी तालुक्याच्या ठाण्यांतून नोकरी करून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेली बाई. हजेरीपटावर जेवढी नावं असतात तेवढी माणसं ठाण्यात कधीच नसतात. कुणी समन्स-वॉरंट घेऊन परगावी, कुणी कैदी पार्टीला, म्हणजे कैद्यांची ने-आण करायला, कुणी कोर्ट पैरवीला, कुणी वरच्या कार्यालयात 'तात्पुरता' जोडलेला, जो तिथूनच निवृत्त होतो. त्यात गणपती, उरूस, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. गांजासाठी म्हणून वेगळं कुणी नसतं. डीबीची, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाची, चार पोरं असतात आणि मोटारसायकल चोऱ्या, घरफोड्या, पळून गेलेल्या मुली हे सगळं त्यांच्याच गळ्यात. एलसीबीला, म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेला, अख्खा जिल्हा.

आणि एनडीपीएसचा, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालचा, छापा म्हणजे हातभट्टीचा छापा नव्हे. मिळालेली खबर आधी लेखी घ्यायची, बहात्तर तासांत वरिष्ठांना कळवायची. संशयिताची अंगझडती घ्यायची तर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा हक्क त्याला सांगायचा. पिशवीला हे लागत नाही, अंगाला लागतं. पंच हवेत, वजनकाटा हवा, लाखेचं सील हवं. १ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही आलं, म्हणजे मोबाइल धरायला आणखी एक माणूस. एवढ्यात एक कलम चुकलं की चार वर्षांनी आरोपी हसत बाहेर. आणि बाईची झडती बाईनेच घ्यायची. इथे माझा संबंध येतो.

एका गावची गोष्ट, नाव सांगणार नाही. स्टँडमागच्या वस्तीत एक बाई पुड्या विकायची. ठाण्यात एक आई आली, मुलानं मारलं म्हणून. मुलाविरुद्ध तक्रार द्यायला तयार नाही. मी तिला मागच्या व्हरांड्यात बसवलं, चहा पाजला, बोलू दिलं. मुलगा पुडी कुठून आणतो इथपासून माल कोणत्या वारी, कोणत्या एसटीनं येतो, आणणारा दिसतो कसा, हे सगळं तिनं सांगितलं. आमच्या डीबीच्या पोरांना तिनं हे जन्मात सांगितलं नसतं. मी साहेबांना म्हटलं, त्या वारी स्टँडवरच थांबू, आणणाराच हाती लागेल. साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही झडतीला या, बाकीचं पोरं बघतील."

त्या वारी पालकमंत्री आले. पुढच्या आठवड्यात कुठल्या तरी पुतळ्यावरून तणाव. शेवटी छापा पडला तो सगळ्यांना सवड होती त्या दिवशी, म्हणजे माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी. नायब तहसीलदार मतदार यादीत बुडालेले, त्यांना गाडी पाठवून आणलं. पंच म्हणून एका सरकारी कार्यालयातले दोघं, चेहरे पडलेले. सराफाला काट्यासकट उठवलं, तो सारखा दुकान बंद करायची वेळ झाली म्हणून सांगतोय. मी त्या बाईला आतल्या खोलीत नेलं. परकराला आतून शिवलेला कप्पा होता, त्यात पुड्या. बाकीचा माल पिठाच्या डब्यात. सगळा मिळून किलोच्या आत भरला.

किलोपर्यंतचा गांजा म्हणजे कायद्याला अल्प मात्रा. फार तर एक वर्ष कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. जामीन झाला, बाई पुन्हा त्याच ओट्यावर. माल आणणारा? तो त्या स्टँडवर परत उतरलाच नाही. आपल्याकडचा बराच गांजा आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून येतो, काही धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरकडच्या डोंगरातून. तिथवर धागा न्यायचा तर कॉल रेकॉर्ड काढणारा माणूस, गाडी, डिझेल आणि आठ दिवस मोकळी सोडलेली दोन पोरं लागतात. ती कुणी सोडली नाहीत. पेपरात फोटो आला, साहेब मध्ये, डीबी आजूबाजूला, पुढे टेबलावर गाठोडं. झडती घेणारी फोटोत नव्हती. केस उभी राहिली तेव्हा दोन्ही पंच फितूर झाले. निर्दोष.

साहेबांना त्याचं काही वाटलं नाही. महिन्याच्या क्राइम मीटिंगला आकडा लागायचा, तो चिलीम ओढणाऱ्या पोरांवर कलम २७, म्हणजे नशा करण्याचं कलम, लावून भरला जायचा. तीन पोरं धरली की तीन केसेस. यावर आमची वाजायची. माझं म्हणणं एवढंच होतं की ओढणाऱ्याला धरून सोडण्यात माणूसबळ घालवायचं आणि वर माणसं कमी म्हणून रडायचं, हे चालणार नाही. २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी किरकोळ एमडीसह (मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली नशेची पूड) धरलेल्या एका माणसाचा धागा सोडला नाही, आणि तो नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीच्या कारखान्यावर जाऊन थांबला. माल सुमारे तीनशे कोटींचा. काम ठाण्याचंच होतं, कुठल्या खास पथकाचं नव्हे.

आता राज्यात अंमली पदार्थ विरोधी टास्क फोर्स आहे, २०२५ मध्ये तिच्यासाठी ३४६ पदं मंजूर झाली. चांगलंच आहे. एमडीसाठी तर हवीच, कारण गांजा नाकाला कळतो, ती पांढरी पूड कळत नाही. नमुना प्रयोगशाळेत गेला की वाट बघणं आलं. पण तुमच्या गल्लीत पुडी कोण देतं हे टास्क फोर्सला कुणी सांगायचं? ते बिटवरच, म्हणजे अंमलदाराला वाटून दिलेल्या भागात फिरतानाच, कळतं, आणि पुष्कळदा बायकांना कळतं. भरतीत महिलांना तीस टक्के आरक्षण आहे. त्या पोरी कुठे आहेत बघा. सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीच्या संगणकावर, टायपिंग, बारनिशी म्हणजे टपालाची आवक-जावक, वायरलेस, आणि बाई आरोपी असली की झडती. प्रत्येक डीबीत दोन महिला अंमलदार कायमच्या द्या, बंदोबस्तातून त्यांना वगळा. एकही नवीन पद न भरता हे उद्या होऊ शकतं. मी हे लेखी दिलं होतं. त्यावर 'विचाराधीन' असा शेरा आला.

तुमच्यापुरतं सांगायचं तर तोंडी कुरकुर करू नका. जागा, वेळ, कोण येतं, कशावरून येतं, एवढं लिहून द्या. ठाण्यात जायची भीती वाटत असेल तर १९३३ ही केंद्राची हेल्पलाइन आहे. खबर कुठून आली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, एनडीपीएसचं कलम ६८ तसं म्हणतं. आणि घरातलंच पोरगं ओढत असेल तर त्याच कायद्याचं कलम ६४अ वाचा. स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेणाऱ्याला अल्प मात्रेपुरतं खटल्यापासून संरक्षण आहे. ठाण्यात हे तुम्हाला कुणी आपणहून सांगणार नाही.

हप्त्याचं तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण मनात असणारच. असतो, काही ठिकाणी. तुमच्याकडे आहे की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही. शिवाय माझा सगळा अनुभव तालुक्याचा. पुण्या-मुंबईत आयुक्तालयाला स्वतःचं अंमली पदार्थ विरोधी पथक असतं, तिथला हिशेब वेगळा. ठाण्यात गेलात तर महिला अंमलदाराशी बोलायचंय असं सांगा. नाही म्हणाले तर ड्यूटीवर किती जणी आहेत ते विचारा.