पंपाची सवय लागते का?

प्रश्न : सासूबाईंना दमा आहे. धाप लागली की त्या साल्ब्युटामॉलचा निळा पंप ओढतात. रोजचा ब्युडेसोनाइडचा मात्र ‘सवय लागेल’ म्हणून कपाटातच. काय करू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, छातीविकाराच्या वॉर्डात रात्रपाळीला असे रुग्ण नेहमी येतात, म्हणून कळकळीने लिहिते. निळा पंप आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करतो, पण चार-सहा तासांत त्याचा असर ओसरतो. आतली सूज तशीच राहते. ती उतरवतं ब्युडेसोनाइड, तेही रोज घेतलं तरच.

त्याची सवय लागत नाही. गोळीच बरी असं त्या म्हणतील. साल्ब्युटामॉलच्या एका गोळीत ४ मिलिग्रॅम औषध असतं, पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. चाळिसावा भाग, आणि तोही थेट छातीत!

साधा फवाऱ्याचा पंप असेल तर त्याला स्पेसर, म्हणजे औषधाचा फवारा धरून ठेवणारी पोकळ नळी, लावा. सावकाश ओढून दहा सेकंद श्वास रोखायला सांगा. ब्युडेसोनाइडनंतर खळखळून चूळ भरून थुंकायलाच हवी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. निळा वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना भेटा. बोलताना वाक्य पुरं होत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.