चोपडा-जळगाव रोजच्या एसटी प्रवासासाठी स्मार्ट कार्ड घेतलं, तर मी कुठे जातो हे कुणाला कळेल का?

हो, कार्ड तुमच्या नावावर असेल तर तुम्ही केव्हा, कुठून कुठे गेलात याची नोंद राहू शकते. प्रत्येक कार्डाला स्वतःचा क्रमांक असतो. वाहकाच्या मशीनला कार्ड लावलं की तो क्रमांक, वेळ, थांबा आणि भाडं एकत्र नोंदवता येतं. एका फेरीवरून फारसं काही कळत नाही, पण महिनाभराच्या फेऱ्या एकाखाली एक मांडल्या की तुमची कामाची वेळ, सुट्टीचा वार, जळगावच्या दवाखान्यातल्या चकरा, सगळं उलगडतं. खरी काळजी त्याचीच करायला हवी. यूपीआयने तिकीट काढलं तरी बँकेत नोंद राहतेच. रोखीच्या तिकिटावर मात्र नाव नसतं.

मधला मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये फक्त सार्वजनिक प्रवासासाठी वापरायची प्रीपेड कार्डं केवायसीशिवाय, म्हणजे ग्राहकाची ओळख न पडताळता, द्यायला परवानगी दिली. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ३,००० रुपये ठेवता येतात, ते रोख काढता येत नाहीत. म्हणून थोडेथोडेच भरा. सुट्ट्या पैशांची कटकट मिटते आणि आधारही द्यावं लागत नाही. घेण्याआधी तुमच्या मार्गावरच्या वाहकाचं मशीन ते कार्ड घेतं का, हे आगारात नक्की विचारा.

पण ज्येष्ठांची किंवा विद्यार्थ्यांची सवलत हवी असेल तर हा उपाय चालणार नाही; तिथे वय, ओळख दाखवावीच लागते.