पहिली ट्रायथलॉन, कोकणातला समुद्र आणि पंधरवड्याचं वेळापत्रक

तुम्ही विचारलंय: रत्नागिरीत राहतो, वय ३६, पाच किलोमीटर सलग धावतो, घरी गिअरची सायकल आहे, पोहायला गावच्या विहिरीत शिकलो, पण समुद्राची धास्ती वाटते. पहिल्या ट्रायथलॉनची तयारी कशी करू?

मी रत्नागिरीतच, भाट्याच्या किनाऱ्याजवळ राहते. पहिली ट्रायथलॉन चाळिशीत केली, त्यानंतर आणखी दोन. तुम्ही स्प्रिंटपासूनच सुरुवात करा: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमन ७०.३ ही लांब पल्ल्याची स्पर्धा (याच क्रमाने १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर) आत्ताच डोक्यात घेऊ नका. तुम्ही पाच किलोमीटर धावता, म्हणजे स्प्रिंटला बारा आठवडे पुरतील.

तयार तक्त्यांमध्ये ‘सोमवारी पोहणे, मंगळवारी सायकल’ असं लिहिलेलं असतं. स्विमिंग पूल असलेल्या शहरात ते चालतं. मीही तसंच सुरू केलं होतं. एका पौर्णिमेला, ठरलेला पोहण्याचा वार म्हणून, दुपारी दोन वाजता खाडीच्या तोंडाजवळ पाण्यात उतरले. ओहोटी ऐन भरात होती. हात मारतेय, मारतेय, आणि किनारा लांबच जातोय. एका होडीतल्या माणसांनी मला वर ओढून घेतलं. आमच्या शेजारी एक निवृत्त तांडेल (मच्छीमार होडीचे प्रमुख) राहतात. त्यांनी त्या संध्याकाळी ओट्यावर बसवून मला भरतीचं गणित शिकवलं आणि माझा सगळा सराव बदलला.

गणित सोपं आहे. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. येईल तो पूर्ण भरतीचा साधारण तास. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा: सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला आणि अमावास्येला (दोन्ही पंधराव्या तिथी) सव्वाअकरा. कृष्ण पक्षातही प्रतिपदेपासून तसंच मोजायचं. हा अंदाज आहे, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता पाहून खात्री करा.

आता यातून सराव कसा बसतो ते बघा. नवमी, दशमी, एकादशीला भरती पावणेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. उजाडत असतं किंवा उजाडलेलं असतं, शिवाय भांगाचे (लहान भरती-ओहोटीचे) दिवस, पाण्याला ओढ कमी. समुद्रात पोहायचं ते याच सकाळी, भरती पुरी व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पण पहाटे ओहोटी झाल्यामुळे सहा-साडेसहाला रुंद, ओली, टणक वाळू मिळते. ते दिवस धावण्याचे. (वाळूला उतार असतो, सारखं एकाच दिशेने धावलात तर एका गुडघ्यावर ताण येतो, म्हणून जाऊन-येऊन धावा.) मधले दिवस सायकलचे. म्हणून म्हणते, आठवड्याचं वेळापत्रक बाजूला ठेवा आणि पंधरवड्याचं करा. समुद्र नसेल तेव्हा आठवड्यातून दोनदा विहिरीत किंवा स्विमिंग पूलमध्ये जाच. श्वास आणि हात तिथेच सुधारतात.

धास्तीबद्दल. ती घालवायच्या मागे लागू नका, तिचं ऐका. एकट्याने कधीही उतरू नका. कमरेला भडक रंगाचा फ्लोट (हवा भरलेली तरंगती पिशवी) बांधा. खाडीच्या तोंडापासून लांब, भाट्याला झरी विनायकाच्या देवळाच्या बाजूला, किनाऱ्याला समांतर पोहा, आणि आधी तिथल्या लोकांना विचारा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागली असेल तर रापणकरांपासून दूर राहा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चाला, म्हणजे पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर बाजूला होतं. तरीही काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. पावसाळ्यात समुद्राचं नावही नको. पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते ती उगाच नाही, आणि नारळी पौर्णिमेनंतरही पाणी बराच काळ गढूळ आणि अस्वस्थ असतं. मी दसऱ्यानंतरच उतरते.

विहिरीत समोर भिंत दिसते, समुद्रात काहीच दिसत नाही. दर आठ-दहा हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे वर काढून खूण बघायची सवय लावा. मी रत्नदुर्गाकडचा दीपस्तंभ धरते. स्पर्धेत कुठल्याही पद्धतीने पोहायची मुभा असते. दम लागला तर पाठीवर पडा, छातीवरचं पोहणं (ब्रेस्टस्ट्रोक) करा, बोयाला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) धरून थांबा. त्याला धरून पुढे मात्र सरकायचं नाही. हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली होती.

सायकल नवी घेऊ नका. पावस गावाच्या रस्त्यावरचे चढ-उतार तुमचे पाय घडवतील. फक्त खारी हवा साखळी खाते, तेव्हा दर फेरीनंतर गोड्या पाण्याने पुसा आणि तेल द्या.

सहाव्या आठवड्यापासून पंधरवड्यात दोनदा सायकलवरून उतरून लगेच धावा, सुरुवातीला दहाच मिनिटं. पाय लाकडासारखे होतात, आपले वाटतच नाहीत. ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवू नका.

आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता गळतो. माझ्या बाटलीत पाणी, साखर आणि खारवलेलं कोकम आगळ असतं. निघण्याआधी दीड तास उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून. स्पर्धेलाही हेच; त्या दिवशी नवीन काही पोटात घालायचं नाही.

आणि घराच्या अंगणात एक सराव रोज करा: हेल्मेट घालून पट्टा लावायचा, मगच सायकलला हात लावायचा. परत आल्यावर सायकल जागेवर ठेवायची, मगच पट्टा सोडायचा. हा नियम आहे आणि घाईत नेमका हाच मोडतो.

कॅलेंडर काढून येती नवमी कधी आहे ते बघा. दसरा होऊन गेला असेल तर त्या सकाळी सोबतीला कुणाला तरी घेऊन या, कमरेएवढ्या पाण्यात उतरा, तोंड पाण्यात घालून वीस श्वास सोडा आणि बाहेर या. पहिल्या दिवशी तेवढंच.