हातभर लांबीचे शब्द

इंग्रजीतल्या अनवट शब्दांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दुर्मीळ इंग्रजी शब्दांची यादी करून रोज दहा पाठ करतो. आठवड्याने त्यातले दोनसुद्धा आठवत नाहीत. काय चुकतंय?

उत्तर : दहा हा आकडा जास्त आहेच, पण खरी चूक नोंदीत आहे. 'अमुक शब्द म्हणजे तमुक' एवढंच लिहिलं तर मनाला धरायला काही उरत नाही. शब्द आधी फोडायचा, मग पाठ करायचा.

'हॉरिपिलेशन' घ्या. अर्थ, अंगावर काटा येणं. लॅटिनमध्ये 'हॉरेरे' म्हणजे ताठ उभं राहणं, शहारणं आणि 'पिलस' म्हणजे केस. हा तर आपला रोमहर्षच! साम्य वरवरचं नाही. संस्कृतातला 'हृष्' धातू आणि लॅटिन 'हॉरेरे' एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. म्हणजे 'हर्ष' आणि 'हॉरर' चक्क चुलतभाऊ. काटा आनंदानेही येतो आणि भीतीनेही; इकडे आनंद टिकला, तिकडे भीती.

आता 'पिलस' तुमच्या खिशात आहे. केस काढायच्या क्रीमला 'डिपिलेटरी' का म्हणतात ते वेगळं पाठ करावं लागत नाही. सुरवंटाचं 'कॅटरपिलर' हे नाव जुन्या फ्रेंचमधल्या 'केसाळ मांजर' अशा अर्थाच्या शब्दावरून आल्याचं मानतात, तेही विसरणं कठीण. मात्र 'पिल' दिसलं की केसच, असं धरू नका. औषधाची 'पिल' ही लहान गोळीसाठीच्या लॅटिन शब्दातून आली आणि 'पिलर' खांबासाठीच्या. फोड अंदाजाने करू नये, मोठ्या कोशात शब्दाच्या नोंदीतला व्युत्पत्तीचा कंस वाचून करावी.

आठवड्याला चार शब्द पुरेत. प्रत्येकाचं एक कार्ड. पुढच्या बाजूला फक्त शब्द. मागे देवनागरीत उच्चार, फोड, मराठी अर्थ आणि तुमचं स्वतःचं वाक्य. कोशातलं वाक्य उतरवलं तर उपयोग होत नाही. दुसऱ्या, चौथ्या, दहाव्या आणि तिसाव्या दिवशी कार्ड काढा, आणि उलटण्याआधी अर्थ मोठ्याने म्हणा. नुसती मागची बाजू वाचत बसलात तर येतंय असं वाटतं आणि येत नसतं. जो शब्द चुकेल तो पुन्हा दुसऱ्या दिवसापासून.

आणखी एक, जवळच्या अर्थाचे शब्द एका आठवड्यात घेऊ नका. 'टॅसिटर्न' म्हणजे स्वभावानेच अबोल, 'रेटिसंट' म्हणजे मनातलं बाहेर न काढणारा, 'लकॉनिक' म्हणजे मोजक्या शब्दांत बोलणारा. तिघांना एकत्र बसवलंत की महिन्याभराने कोण कोणता हेच कळेनासं होतं.

प्रश्न : इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता? तो म्हणायचा कसा?

उत्तर : कोशांत सापडणाऱ्यांत ४५ अक्षरांचा 'न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्हॉल्कॅनो-कोनिओसिस' पुढे आहे. सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ श्वासावाटे गेल्याने होणारा फुप्फुसाचा विकार, असा त्याचा अर्थ. पण तो आजार ओळखायला जन्मलाच नाही. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या शब्दकोडेप्रेमींच्या संघटनेच्या अध्यक्षांनी तो केवळ लांबीसाठी घडवला. डॉक्टर साधं 'सिलिकोसिस' म्हणतात.

आमच्या मते त्यापेक्षा गोड शब्द २९ अक्षरांचा : 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन'. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. कुणा विद्वानाने 'क्षुल्लक' या अर्थाचे चार लॅटिन शब्द गंमत म्हणून एकापुढे एक जोडले : लोकरीचा पुंजका, बिनकिमतीची वस्तू, काहीच नाही, आणि वर आलेला तोच केस, 'पिलस'. १७४१ मधल्या एका पत्रात तो सापडतो. म्हणताना पाच तुकडे करा : फ्लॉक्सि, नॉसि, निहिलि, पिलि, फिकेशन. शेवटून सुरुवात करा, म्हणजे आधी 'फिकेशन', मग 'पिलिफिकेशन', मग 'निहिलिपिलिफिकेशन'. पुढून म्हणत गेलं की जीभ 'निहिलि' आणि 'पिलि'च्या मध्ये अडखळते, कारण दोन्हींचा घाट सारखाच. मागून आल्यास अवघड भाग दर वेळी ओळखीच्या भागात उतरतो. मुख्य आघात 'के'वर.

अशा शब्दांनाही शब्द आहे : 'सेस्क्विपिडेलियन'. शब्दशः दीड फुटी. दीड फूट म्हणजे अठरा इंच, आपल्या जुन्या मापाने बरोबर एक हात. हातभर!

प्रश्न : 'पेट्रिकोर' म्हणजे मृद्गंधच ना?

उत्तर : रोजच्या वापरात हो. मूळ व्याख्या थोडी वेगळी. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात हा शब्द मांडला. कोरड्या काळात दगडमातीत साचणाऱ्या तेलकट द्रव्याला त्यांनी हे नाव दिलं. हळूहळू ते वासालाच चिकटलं. ग्रीक 'पेट्रा' म्हणजे दगड आणि 'इकोर' म्हणजे देवांच्या नसांतून वाहणारा द्रव. आपण मातीला गंध दिला, त्यांनी दगडाला रक्त. ओल्या मातीच्या त्या वासात जिऑस्मिन या, मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या रसायनाचाही वाटा असतो. उच्चारात शेवटी 'कोर' येतो, 'चोर' नव्हे.

प्रश्न : सुंदर अर्थाचे दुर्मीळ शब्द सतत वाचायला मिळतात. खरे कोणते आणि कुणीतरी रचलेले कोणते, हे कसं ओळखावं?

उत्तर : तीन गोष्टी बघा. शब्द किमान दोन वेगवेगळ्या प्रकाशकांच्या कोशांत आहे का. पहिल्या वापराचं साल दिलंय का. आणि व्युत्पत्ती आहे का. तिसरी कसोटी सर्वांत कडक. १९३४ च्या वेबस्टर कोशात 'डॉर्ड' नावाचा शब्द छापला गेला, अर्थ : घनता. ज्या चिठ्ठीवरून ही नोंद झाली, ती मुळात संक्षेपांसाठी होती. घनतेसाठी मोठा किंवा छोटा 'डी' वापरतात, एवढंच तिच्यावर लिहिलं होतं. ती शब्दांच्या ढिगात गेली, 'डी ऑर डी' ही अक्षरं जुळून एक झाली आणि वर उच्चारही दिला गेला. १९३९ मध्ये एका संपादकाच्या लक्षात आलं की या शब्दाला व्युत्पत्तीच नाही, आणि सोंग उघडं पडलं. कोशातून तो जायला पुढे आणखी काही वर्षं लागली. कोशही चुकतात, म्हणून एकावर विसंबायचं नाही.

याउलट 'अप्रिसिटी', हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब, हा शब्द बनावट वाटतो पण खरा आहे. १६२३ च्या हेन्री कॉकरमच्या कोशात तो नोंदलेला आहे. लॅटिन 'अप्रिकस' म्हणजे उन्हाने उबलेला. फक्त तो प्रत्यक्ष बोलण्यात फारसा कधी रुळला नाही. आपलं 'कोवळं ऊन' त्याच्या जवळ जातं, पण ते सकाळचं. अप्रिसिटी दुपारीही असते. कोशात 'कालबाह्य', 'विरळ' किंवा 'बोलीतला' अशी खूण असेल तर शब्द खुशाल चाखा, अर्जात घालू नका.

प्रश्न : भारी शब्द वापरायला गेलो की हसं होतं. कुठे जपावं?

उत्तर : जिथे शब्द ओळखीचा वाटतो तिथे. 'फॉर्च्युइटस' म्हणजे योगायोगाने घडलेलं. ते भाग्याचंच असेल असं नाही. 'बिम्यूझ्ड' म्हणजे गोंधळलेला, करमणूक झालेला नव्हे. 'फुलसम' स्तुती भरभरून नसते, ओकारी येईल इतकी असते. आभाराच्या पत्रात ती लिहिली की झालंच. 'पेनल्टिमेट' म्हणजे शेवटून दुसरा, आपला उपान्त्य. अत्यंत शेवटचा नव्हे. उच्चारात 'एपिटोम' नाही, 'इपिटमी'. 'हायपरबोल' नाही, 'हायपर्बली'.

प्रश्न : 'गूस'चं अनेकवचन 'गीस', मग 'मॉन्गूस'चं 'मॉन्गीस' का नाही?

उत्तर : कारण त्याचा बदकाच्या भावंडाशी काडीचा संबंध नाही. तो आपल्याकडून गेलेला 'मुंगूस' आहे. अनेकवचन 'मॉन्गूसेस'.