हशा आणि संवाद : हौशी रंगकर्मींचे प्रश्न, ध्वनी-संकलनातल्या जाणकारांची उत्तरं

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बऱ्याच हौशी नाट्यसंस्था आता आपले विनोदी प्रयोग चित्रित करून यूट्यूबवर ठेवतात. या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत : प्रेक्षकांचा हशा चित्रणात असावा की नसावा, आणि असला तर किती. त्यांतली पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही पाऊण तासाची विनोदी एकांकिका भरलेल्या सभागृहात चित्रित केली. प्रयोग जोरात झाला. पण घरी बघताना हशा कानावर आदळतो आणि त्यानंतरची एक-दोन वाक्यं ऐकूच येत नाहीत. पुढच्या वेळी प्रेक्षक न बसवता चित्रण करावं का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

प्रेक्षक बसवाच. दोष हशाचा नाही, तो ज्या माईकमध्ये शिरला त्या माईकच्या जागेचा आहे. तुमच्या वर्णनावरून आवाज कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकवर घेतलेला दिसतो. कॅमेरा मागच्या रांगेत, म्हणजे हसणारा माणूस त्याच्यापासून दोन मीटरवर आणि नट सोळा मीटरवर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोनाचे सोळा होताना अंतर तीनदा दुप्पट होतं, म्हणजे अठरा डेसिबलचा फरक. बंद सभागृहात भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळे तो थोडा कमी होतो, तरी संवाद बुडायला पुरेसा असतो.

हशानंतरची वाक्यं गायब होण्याचं कारण मात्र वेगळं आहे. मोबाईल आणि साध्या कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप ठरवण्याची सोय चालू असते. मोठा हशा आला की यंत्र स्वतःचा कान झटकन मिटून घेतं आणि तो पुन्हा पूर्ण उघडायला त्याला एक-दोन सेकंद लागतात. नेमक्या त्याच सेकंदांत नटाचं पुढचं वाक्य जातं. ही सोय बंद करा आणि पातळी हाताने लावा. एवढ्यानेही निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं म्हणजे हशा आणि संवाद वेगवेगळ्या ट्रॅकवर घेणं. संवादांसाठी नटांना कॉलर माईक द्या. तेवढे नसतील तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला, जमिनीवर ठेवायचे तीन चपटे माईक लावा. प्रेक्षकांसाठी दोन माईक पुरतात. ते एका दिशेचं ऐकणारे, म्हणजे कार्डिऑइड हवेत. रंगमंचाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत, दोन-अडीच मीटर उंचीच्या स्टँडवर, तोंड चौथ्या-पाचव्या रांगेकडे आणि पाठ रंगमंचाकडे करून ते लावा. सभागृहाच्या स्पीकरच्या माऱ्यात ते येऊ देऊ नका, नाहीतर संवाद त्यांच्यात दुसऱ्यांदा शिरेल. नाट्यगृहाची परवानगी मिळाली तर प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या लाइटच्या बारला ते टांगणं सर्वांत चांगलं. मात्र कुठल्याही प्रेक्षकापासून दोन मीटरच्या आत माईक नको, नाहीतर अख्ख्या एकांकिकेत एकाच गृहस्थाचं हसू ऐकू येत राहतं आणि पाहणाऱ्याचं लक्ष त्याच्याकडे जातं.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संवाद सरासरी उणे २० डेसिबलच्या आसपास, वरची टोकं उणे १२ पर्यंत (शून्य ही यंत्राची वरची हद्द, तिच्यापलीकडे आवाज फाटतो). प्रेक्षकांच्या माईकची पातळी लावताना तिसरी घंटा होण्यापूर्वी सगळ्यांना एकदा जोरात टाळ्या वाजवायला सांगा आणि त्या उणे १२ च्या वर जाणार नाहीत असं बघा. चांगला जमलेला हशा टाळ्यांच्याही वर जातो, त्याला जागा ठेवावी लागते. एकदा फाटलेला हशा संकलनात सुधारत नाही.

संकलनात एक गोष्ट हमखास राहते. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. टांगलेला माईक नटापासून दहा मीटरवर असेल तर त्याच्यात संवाद तीस मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि दोन्ही ट्रॅक एकत्र वाजले की आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. प्रेक्षकांचा ट्रॅक तेवढाच अलीकडे सरकवा. हशा तीस मिलिसेकंद लवकर आल्याचं कुणाला कळत नाही. या ट्रॅकमधला १०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. त्यात एसीची घरघर आणि खुर्च्यांची धडधड असते, हसू जवळजवळ नसतंच.

मग प्रेक्षकांचा ट्रॅक एरवी संवादांपेक्षा बारा ते पंधरा डेसिबल खाली ठेवा आणि प्रत्येक हशाला हाताने वर न्या. आपोआप वर-खाली करणारी साधनं आहेत, पण ती वापरलीत तर सहा डेसिबलपेक्षा जास्त दाबू नका आणि परत वर येण्याचा वेळ ३०० मिलिसेकंदांपेक्षा कमी ठेवू नका. नाहीतर सभागृह धापा टाकतंय असं वाटतं. आमचं मत हाताने करण्याच्या बाजूचं आहे. हशा नसताना हा ट्रॅक पूर्ण बंद मात्र करू नये. सभागृहाची हवा मध्येच नाहीशी होते आणि तो खड्डा कानाला लगेच जाणवतो.

प्रश्न : आमचे नट हशा पूर्ण थांबेपर्यंत थांबतात. प्रयोगात ते बरोबर वाटतं, पण चित्रफीत रेंगाळते. थांबलं नाही तर वाक्य वाया जातं. नेमकं किती थांबावं? (दिग्दर्शक, वाशी)

सेकंदांत उत्तर देता येत नाही, आकारात देता येतं. हशा झपाट्याने चढतो, क्षणभर टिकतो आणि मग हळूहळू उतरतो. नटाने उतारावर बोलायला सुरुवात करायची, साधारण निम्मा-अधिक हशा ओसरला की. शेवटचा माणूस हसायचा थांबेपर्यंत वाट पाहिली तर सभागृह थंड पडतं आणि पुढचा हशा पुन्हा शून्यातून उभा करावा लागतो. चढावर बोललं तर प्रेक्षक ऐकण्यासाठी स्वतःच हसू आवरतात. असं दोन-तीनदा झालं की ते पुढे हसायलाच कचरतात. हे दुसरं नुकसान जास्त मोठं आहे.

लेखकालाही इथे काम आहे. हशाच्या लगेच नंतरच्या वाक्यात कथानकाची गाठ ठेवू नका. आपल्या भाषेत यासाठी सोपी सोय आहे : वाक्याची सुरुवात हाकेने करा. ‘अहो वहिनी’, ‘हे बघा भाऊसाहेब’, ‘काय सांगताय काय’ यातले शब्द हशात बुडाले तरी काही बिघडत नाही, आणि ते कानावर पडले की प्रेक्षक गप्प होतात. पु. ल. देशपांडे यांच्या एकपात्री प्रयोगांची ध्वनिमुद्रणं श्रोत्यांच्या हशासकट उपलब्ध आहेत. ती हातात कागद घेऊन ऐका आणि प्रत्येक हशाच्या कुठल्या टप्प्यावर पुढचा शब्द येतो ते टिपा. तालमीत सांगून जे पटत नाही ते असं ऐकून पटतं.

थांबलेल्या वेळात नटाने काय करायचं हेही ठरवून द्या. चष्मा पुसणं, पिशवीतली जुडी बाहेर काढणं, समोरच्याकडे बघत राहणं, काहीही चालेल. पण ते पात्राचं काम असावं. नट नुसता थांबला की प्रयोगात खपतं, कॅमेऱ्यात नाही.

झालेल्या चित्रणात चार-पाच सेकंदांपेक्षा लांब हशा कमी करता येतो. चढ आणि शेवटचा उतार ठेवून मधला भाग कापा आणि आवाजाचा सांधा २०० ते ३०० मिलिसेकंदांत एकमेकांत विरघळवा. चित्रातला सांधा झाकायला त्या जागी दुसऱ्या कॅमेऱ्यावर जा. म्हणून निदान एक कॅमेरा पूर्ण रंगमंच धरून सतत चालू हवा. एकच कॅमेरा असेल तर फोर-के मध्ये चित्रण करा. नंतर त्याच चित्रातून जवळची चौकट काढून दुसरा कोन भासवता येतो.

प्रश्न : आम्ही घरातच तीन-चार मिनिटांचे विनोदी प्रसंग चित्रित करतो, समोर प्रेक्षक नसतात. मित्राचा आग्रह आहे की तयार हसू मिळतं ते जोडा, लोक जास्त हसतील. (वाचक, ऐरोली)

जोडू नका. पण मित्र अगदीच चुकीचं सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हसू ऐकून हसू येतं, हे तपासलेलं आहे. २०१९ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी साधारण विनोदांना हसू जोडून ते लोकांना ऐकवले. हसू जोडलं की विनोद जास्त मजेशीर वाटला, आणि मुद्दाम काढलेल्या हसण्यापेक्षा आपसूक आलेल्या हसण्याचा परिणाम अधिक होता. अमेरिकी दूरचित्रवाणीने याचा फायदा फार पूर्वीच ओळखला होता. चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात कळा दाबून वाजवायचं हसण्याचं यंत्र बनवलं. त्यात टेपच्या फिरत्या पट्ट्यांवर निरनिराळी हसणी साठवलेली होती. त्याच काळात, १९५१ मध्ये, ‘आय लव्ह ल्युसी’ ही विनोदी मालिका तीन कॅमेऱ्यांनी खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित होऊ लागली. म्हणजे दोन्ही वाटा जवळजवळ बरोबरीने निघाल्या.

मग हरकत कशाला? पहिली हरकत पुनरावृत्तीची. रॉबर्ट प्रोव्हाइन या संशोधकाने वर्गातल्या विद्यार्थ्यांना एकच ठरावीक हसू पुन्हा पुन्हा ऐकवलं. पहिल्यांदा जवळपास निम्मे हसले. दहाव्या वेळेपर्यंत बहुतेकांना ते नकोसं झालं. फुकट मिळणाऱ्या संग्रहात दहा-बारा हसणी असतात. तुमचा नेहमीचा प्रेक्षक तिसऱ्या भागात ती ओळखू लागेल.

दुसरी हरकत जास्त महत्त्वाची. तुमच्या नटांनी हशासाठी जागा सोडलेलीच नाही. जागा न सोडलेल्या संवादावर हसू चढवलं तर ते पुढच्या वाक्यावर सांडतं. जागा करायला चित्र ताणलं तर माणसं उगाच एकमेकांकडे बघत बसतात. शिवाय स्वयंपाकघरात, हातभर अंतरावरून टिपलेल्या चेहऱ्यामागे दोनशे माणसांच्या सभागृहाचा घुमारा आला की डोळे एक जागा सांगतात आणि कान दुसरी. ‘मॅश’ या युद्धाच्या पार्श्वभूमीवरच्या अमेरिकी मालिकेत वाहिनीने हसू घालायला लावलं होतं, पण शस्त्रक्रियेच्या प्रसंगांत ते घालायचं नाही यावर निर्माते ठाम राहिले. ब्रिटनमध्ये तर ती मालिका हशाशिवायच दाखवली गेली. २००१ ची ब्रिटिश ‘द ऑफिस’ पूर्णपणे हशाविना आहे, आणि तिच्यातले अवघडलेले क्षण त्या शांततेवरच उभे आहेत. तुमचा प्रकार त्या जातीचा आहे.

करायचंच असेल तर हे करा. कच्चं संकलन दहा-बारा जणांना एका खोलीत बसवून दाखवा. ओळखीचे पण कामात नसलेले हवेत. त्या वेळी मोबाईलवर खोलीचा आवाज मुद्रित करा आणि नंतर संकलनाच्या पट्टीला लावून बघा. जिथे हसले तिथे पुढच्या वाक्याआधी पाव ते अर्धा सेकंद मोकळा ठेवा. जिथे हसतील असं वाटलं आणि हसले नाहीत, तिथला थांबा काढा. प्रेक्षकांचा हशा शेवटच्या चित्रात ऐकू येत नाही, पण त्यांचं माप लागलेलं असतं.

प्रश्न : गणेशोत्सवात मंडपातला विनोदी कार्यक्रम चित्रित केला. लोक खूप हसले, फितीत मात्र हसू विरळ येतं. (वाचक, कळवा)

मंडपाला भिंती नसतात, त्यामुळे हसू परतून येत नाही, निघून जातं. दोनाऐवजी चार माईक घ्या आणि ते प्रेक्षकांच्या जवळ, दोन्ही बाजूंना आणि मधल्या वाटेवर लावा. प्रत्येकावर वाऱ्यासाठी केसाळ आवरण हवं. जनित्राच्या बाजूला माईकची पाठ करा. पत्र्यावर पाऊस सुरू झाला तर प्रेक्षकांचे माईक उतरवून संवादांवरच भर द्या. त्या आवाजातून हसू वेगळं निघत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जेमतेम साठ प्रेक्षक येतात. त्यांना आधी सांगून हसवावं का? आणि हसणारे चेहरे दाखवावेत का? (संस्थेच्या कार्यवाह, नेरूळ)

साठ माणसं पुरेशी आहेत, विखुरलेली नसतील तर. मागच्या रांगा दोरी लावून बंद करा आणि सगळ्यांना मधल्या भागात पहिल्या पाच-सहा रांगांत खेटून बसवा. हसताना शेजारी माणूस असावा लागतो. मध्ये दोन खुर्च्या रिकाम्या असल्या की हसू तिथेच अडतं. प्रेक्षागृहात अंधार ठेवा. उजेडात माणूस आपण हसताना कसे दिसतो याचा विचार करतो.

‘आता हसा’ असं सांगू नका. वर सांगितलेल्या लंडनच्या प्रयोगात मुद्दाम काढलेलं हसू उणंच ठरलं होतं. त्याऐवजी चित्रण सुरू होण्यापूर्वी आठ-दहा मिनिटं कुणीतरी पडद्यापुढे येऊन गप्पा माराव्यात. मोबाईल बंद करायची सूचना, प्रवेशदाराशी लावलेल्या ‘आपला आवाज व चेहरा चित्रित होऊ शकतो’ या पाटीची आठवण, हे सगळं त्यातच आटपतं.

चेहऱ्यांबद्दल : दूरचित्रवाणीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मध्ये परीक्षक हसताना दिसतात आणि ते शोभतं, कारण तो कार्यक्रमच सादरीकरण आणि दाद असा रचलेला आहे. एकांकिकेत पात्रं एखाद्या घरात असतात. तिथे मध्येच प्रेक्षक दाखवले की घर मोडतं. चेहरे सुरुवातीला आणि शेवटच्या टाळ्यांना घ्या, मध्ये नको.

आणि जमलं तर एकाच सभागृहात लागोपाठचे दोन प्रयोग चित्रित करा. माईकची जागा आणि पातळी दोन्ही दिवशी तीच ठेवा, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून. पहिल्या दिवशी एखाद्या वाक्यावर कुणी खोकलं किंवा मूल रडलं, तर त्याच वाक्यावरचा दुसऱ्या दिवशीचा हशा तिथे लावायला हरकत नाही. तो त्या वाक्यानेच मिळवलेला असतो. एका वाक्याचा हशा उचलून दुसऱ्याला लावणं मात्र टाळा. नवल वाटून आलेलं हसू, ओळख पटून आलेलं हसू आणि अवघडून आलेलं हसू यांचे आवाज निराळे असतात आणि चुकीच्या जागी ते उघडे पडतात. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी प्रेक्षक बसलेले असतानाच एक मिनिट शांत सभागृहाचा आवाजही मुद्रित करून घ्या. सांधे भरायला तो लागतोच, आणि रिकाम्या सभागृहात नंतर घेतलेला आवाज त्याच्याशी जुळत नाही.